द्राक्षांना ताकाचा वास

पुणे, १२ जानेवारी १९९९

ती. मामा,

नमस्कार पोचू दे, पण पुढे वाचण्याआधी हात धुऊन या. हे सगळं पत्र हात धुण्याबद्दलच आहे.

फोनवर सांगणार होते. पण तुमच्याकडे फोन लागला की आधी मामी पोटभर बोलते, आणि तुमची पाळी आली की तुम्ही "बिल येतंय" म्हणून ठेवून देता. म्हणून लेखी.

मला तुमच्या मळ्यातला द्राक्षाचा एक घड हवाय. खायला नाही. द्राक्षाच्या सालीवर पांढरट थर दिसतो ना, तिथे यीस्ट राहतात. पाव फुगवतात तेच, साध्या डोळ्यांना न दिसणारे जीव. त्यांच्या शेकडो जाती आहेत. नाशिकच्या द्राक्षांवर त्यातल्या कुठल्या नांदतात ते मी बघणार आहे. माझी पीएचडी म्हणजे हेच.

सोबत निर्जंतुक पिशव्या पाठवल्यात. कात्री उकळून घ्या. घडाला बोट लावू नका. धुऊ नका, पुसू नका, वर फुंकर मारू नका. कापला की थेट पिशवीत टाका, बर्फाच्या डब्यात ठेवा आणि तुमच्या शेजारच्या गोरक्षकडे द्या. तो टेम्पोतून फुलं घेऊन पुण्याला येतोच.

आणि मामा, हे मनावर घ्या. बाबांनी ओझरहून बजावलंय, अक्षय्य तृतीयेच्या आत फेलोशिप मिळाली तर शीक, नाहीतर गाशा गुंडाळून घरी ये. मालेगावचं एक स्थळ त्यांनी ताटकळत ठेवलंय. मुलगा तसा बरा आहे, पण लग्नानंतर "हे जंतूंचं" चालू ठेवणार का, असं त्यानं दोनदा विचारलं. फेलोशिपची मुलाखत एप्रिलमध्ये आहे. तोवर दाखवण्यासारखं काहीतरी माझ्या हाताला लागायला हवं.

तुमची योगिनी


मखमलाबाद, २६ जानेवारी

चि. योगिनी,

हात धुतले. आता आशीर्वाद घे.

काम फत्ते. तू सांगितलंस त्यातलं काडीचंही इकडचं तिकडं केलं नाय. कात्री उकळली. इतकी उकळली की तिच्या मुठीचं प्लास्टिक वितळून पातेल्याला चिकटलं, तेव्हापासून तुझी मामी माझ्याशी बोलत नाय. मग नवी कात्री आणली, तीपण उकळली. घड धुतला नाय, पुसला नाय. तुझा धाकटा मामा मल्हारी ऐन वेळी शिंकायला लागला, त्याला हाकलून बांधाच्या पलीकडं उभा केला. माणूस इस्पितळात करत नाय इतकी स्वच्छता मी मळ्यात केली.

आणि साधासुधा घड दिला नाय तुला. हंगामाचा पहिला घड हाय. पहिला घड आपल्याकडं कसा उतरवतात ते तुला ठाऊक हायच, जास्त लिहीत नाय.

तुझ्या बापाचं मनाला लावून घेऊ नको. ओझरच्या कारखान्यात जन्मभर विमानं जोडली, पण माणूस कधी हवेत गेला नाय. तू तुझ्या आजोबांवर गेलीस. बहिरूनानांनी वांग्याचं उभं पीक काढून इथं द्राक्षाचा वेल लावला तेव्हा सगळी भाऊबंदकी हसली होती. म्हातारा वेडा झाला म्हणाली. आज तीच भाऊबंदकी माझ्याकडं औषधाचं प्रमाण विचारायला येते. तेव्हा खुशाल शीक. मामा जिता हाय.

खंडेरावमामा

ता. क. योगिनी, कात्री माझ्या शिवणाच्या डब्यातली होती. पातेलं पण माझंच. पुण्यात थंडी असेल, स्वेटर घाल. मामी.


पुणे, १७ फेब्रुवारी

ती. मामा,

घड पोचला, यीस्ट वाढले, आणि मला झोप लागेना झालीय!

घडावर काही तांबूस ठिपके होते आणि सालही जरा चिकट होती. ठिपके कसले ते कळलं नाही. दातार मॅडमनी, म्हणजे माझ्या मार्गदर्शक बाईंनी, त्यांचा फोटो काढून पिकांचे रोग बघणाऱ्यांकडे पाठवलाय. तुम्ही काही वेगळी फवारणी केली होती का?

बाकीचे यीस्ट अपेक्षेप्रमाणेच निघाले. पण सात नंबरचा अजबच आहे. यीस्टची ओळख पटवताना ते काय खातात ते बघतात. एकेका नळीत एकेक साखर ठेवायची, आत यीस्ट सोडायचं आणि वाट बघायची. कुठली पचवतो, कुठलीला तोंड लावत नाही, यावरून त्याचं घराणं कळतं. तर हा आमचा सात नंबर दुधातली साखर खातो! द्राक्षावर जन्म काढणाऱ्याला दुधाची साखर पचवण्याची गरजच काय? मॅडमनी तक्ता काढला. द्राक्षावरच्या ज्ञात यीस्टांत असं कुणी नाही. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, "योगिनी, ही नवी जात असण्याची शक्यता आहे."

शक्यता, मामा. नुसती शक्यता. कुणालाही सांगू नका.

योगिनी


मखमलाबाद, २३ फेब्रुवारी

चि. योगिनी,

शाब्बास! वाघीण हाय माझी भाची!

कुणाला सांगितलं नाय. फक्त मल्हारीला सांगितलं, कारण तो घरचाच. सोसायटीच्या चेअरमनला सांगितलं, कारण त्यांनी आपणहून विचारलं, "खंडेराव, आज एवढे खुशीत?" आता खोटं कसं बोलायचं? आणि ओझरला फोन करून तुझ्या बापाला सांगितलं, ते तर सांगायलाच पाहिजे होतं. त्यानं आधी रेडिओ बंद केला. मग म्हणाला, "नवी जात? म्हणजे जगात कुठंच नाही?" मी म्हटलं, जगात नाय, फक्त मखमलाबादला. आता तो कारखान्यात जो भेटेल त्याला थांबवून सांगतोय.

तर मुद्द्याचं. नवीन जात म्हणजे नाव ठेवावं लागेल. बारसं माझ्याकडं लागलं. नाव बहिरू. दुसरं चालणार नाय. लोक ज्या म्हाताऱ्याला हसले त्याचं नाव शास्त्राच्या पुस्तकात छापून आलं पाहिजे, आणि ते पुस्तक मला भाऊबंदकीच्या ओट्यावर नेऊन आपटायचंय.

फवारणी नेहमीचीच होती. ठिपक्यांचं मला काही ठाऊक नाय. आमची द्राक्षं स्वच्छ असतात.

खंडेरावमामा

ता. क. ते दुधाचं काय ते मला नीट कळलं नाही, पण मामा दिवसभर गात हिंडतायत. तूच आवर. मामी.


पुणे, ४ मार्च

ती. मामा,

कुणालाच सांगू नका असं लिहिलं की तुमच्याकडे नेमकं काय ऐकू जातं?

नावाचं सांगते, म्हणजे तुमचं समाधान होईल. प्रत्येक यीस्टला दोन नावं असतात. पहिलं घराण्याचं, दुसरं त्याचं स्वतःचं. आपल्या शाळेच्या हजेरीत आडनाव आधी यायचं ना, तसंच. एखाद्या माणसाचा मान म्हणून नाव द्यायचं तर त्याला लॅटिन शेपूट लागतं. बहिरूचं होईल "बहिरुई". पण हे सगळं ती नवी जात निघाली तर. त्यासाठी नुसतं काय खातो ते बघून भागत नाही, त्याचा डीएनए तपासावा लागतो. माणूस जेवणात आवडीनिवडी बदलतो, पण रक्त बदलता येत नाही, तसलाच प्रकार.

आणि मला एक गोष्ट खटकतेय. सात नंबरच्या जोडीला त्याच घडावरून जिवाणूही निघाले. लांबट, काडीसारखे, दूध आंबट करणाऱ्या जातीचे. ते वाढवलेली प्लेट उघडली की चक्क ताकाचा वास येतो. द्राक्षांना ताकाचा वास का यावा? मॅडम म्हणतात, "इंटरेस्टिंग." मी प्लेट नव्यानं लावली, तरी पुन्हा तोच वास.

अर्जात मी सात नंबरबद्दल लिहून बसलेय.

योगिनी


मखमलाबाद, १२ मार्च

चि. योगिनी,

बहिरुई हे नाव मला पसंत नाय. नानांच्या भरघोस मिशा होत्या, त्यांना बाईमाणूस करून टाकलंत तुम्ही. बहिरूराव बसत नाय का लॅटिनमध्ये? मॅडमना विचार. नसेलच बसत तर बहिरुई चालवून घेऊ, आता सगळीकडं तेच सांगून झालंय.

इकडं वेगळाच ताप झालाय. मल्हारी म्हणतो, तो वेल बांधाला लागून हाय, अर्ध्या मुळ्या त्याच्या हद्दीत, तेव्हा नावात त्याचापण वाटा. "बहिरू-मल्हारी" ठेवा म्हणतो! मी म्हटलं, तू शिंकण्यापलीकडं काय केलंस? दोन दिवस झाले, त्याच्याकडचा चहा बंद हाय.

सोसायटीनं गुढीपाडव्याला सत्कार ठेवलाय. शाल, नारळ आणि चेअरमनचं भाषण. तुझा बाप येणार हाय. त्यानं मालेगाववाल्यांना कळवलंय की मुलगी शोधात गुंतली हाय, थांबायचं तर थांबा. पोरी, हा माणूस जन्मात पहिल्यांदा तुझ्याबाजूनं बोलला. आता ताकाचं काय काढून बसू नको.

खंडेरावमामा


पुणे, १५ मार्च

मामा,

सत्कार थांबवा. आजच्या आज थांबवा.

आठ एप्रिलला माझी मुलाखत आहे. समोर बसणारी माणसं पहिला प्रश्न हाच विचारणार की द्राक्षाच्या मळ्यात दुधाची साखर कुठून आली. मला उत्तर ठाऊक नाही. म्हणून शपथेवर विचारते, त्या घडाला दूध, दही, ताक, लोणी यातलं काहीही लागलं होतं का? जवळपास गाय बांधली होती? कुणी ताक पिता पिता वेलाखाली गेलं होतं? लाजू नका, रागावू नका. फक्त खरं सांगा.

योगिनी


मखमलाबाद, १९ मार्च

चि. योगिनी,

तुझ्या प्रश्नाचं लय वाईट वाटलं. मी काय बेशिस्त माणूस हाय? गाय पार वस्तीच्या मागं बांधलेली असते. मळ्यात ताक प्यायला बंदी हाय. घडाला मी बोटसुद्धा लावलं नाय. सत्कार काल होऊन गेला, त्याला इलाज नाय. शाल चांगली हाय. कुणी विचारलंच तर बेधडक सांग, माझा मामा खोटं बोलत नाय.

खंडेरावमामा

ता. क. पोरी, मामा खोटं बोलत नाहीत हे खरं. पण देवाचं काम ते कामात मोजत नाहीत. पहिला घड वेलावर असतानाच त्याला पंचामृताचा अभिषेक करतात. दूध, दही, तूप, मध, साखर. मग हळदकुंकू वाहायचं आणि मग कात्री लावायची. तुझ्या आजोबांनी पाडलेली चाल आहे. यंदाही केलं. पंचामृत मीच कालवून दिलं होतं. मी मामांना म्हटलं की पोरीला हे लिहा, तर मला म्हणतात, "तिनं धुऊ नका म्हटलंय. धुणं वेगळं, अभिषेक वेगळा." काही चुकलं का गं आमचं? मामी.


पुणे, १ एप्रिल

ती. मामा आणि मामी,

आजची तारीख बघून फसू नका, लिहिते ते सगळं खरं आहे.

मामीचं पत्र वाचून आधी मी अर्धा तास रडले. मग हसू आलं ते थांबेना, खोलीतल्या मैत्रिणी घाबरल्या. तांबूस ठिपके म्हणजे कुंकू! रोगवाल्यांनी त्या फोटोवर लेखी अभिप्राय पाठवलाय, "अपरिचित रोग, अधिक नमुने पाठवावेत."

चूक तुमची नाही. "कसा उतरवतात ते तुला ठाऊक हायच," असं तुम्ही लिहिलं होतं. मला ठाऊक नव्हतं. मी ओझरच्या क्वार्टरात वाढले, तिथे द्राक्षं पिशवीतून येतात. तरी मी विचारलं नाही.

गोरक्षच्या हातून मी मामीच्या दह्याचं छोटं गाडगं मागवलं, ते याचसाठी. त्यातून यीस्ट काढलं. दह्यातल्या यीस्टचा आणि सात नंबरचा डीएनए शेजारी शेजारी लावून बघितला. डीएनए तोडला की जेलीच्या पट्टीवर त्याच्या रेघा उमटतात, एका जातीतसुद्धा प्रत्येक वाणाच्या निराळ्या. दोघांच्या रेघा तंतोतंत एक! आमच्या वसतिगृहाच्या दह्यातलं यीस्टही लावून पाहिलं. तेही त्याच जातीचं निघालं, पण रेघा वेगळ्या. म्हणजे सात नंबर मामीच्याच गाडग्यातून घडावर गेला. आणि ही जात नवी नाही, मामा. दह्यादुधात सापडते, फार पूर्वीच नाव ठेवून झालंय.

बहिरुई नाही. तुम्हाला हे लिहिताना हात जड झालाय.

मॅडम म्हणाल्या, "मुलाखतीत सात नंबरचा विषयच काढू नकोस, बाकीच्या यीस्टवर बोल." पण अर्जात तो आहे. मी खरं सांगणार.

योगिनी


मखमलाबाद, ४ एप्रिल

चि. योगिनी,

काहीही झालं तरी मुलाखतीत पंचामृताचं नाव काढायचं नाय! मोठमोठ्या साहेबांसमोर तू असं सांगितलंस तर तुला हाकलतीलच, वर म्हणतील, मखमलाबादचे लोक प्रयोगाला हळदकुंकू वाहतात. तुझा बाप मालेगावला गाडी काढेल. तुला शिकवायचं म्हणून मी त्या माणसाशी किती वर्षं भांडलो ते तुझ्या आईला विचार. घे मॅडमचं ऐकून.

नानांच्या नावाचं राहू दे. मला वाईट वाटलं, लय वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ते माझं मी बघतो. मल्हारी येऊन बसला होता. म्हणाला, "दादा, बरं झालं, आता भांडायला काही राहिलं नाय." चहा घेतला दोघांनी.

तू मात्र गप्प राहा. आणि नाहीच राहवलं तर पंचामृत मामीनं केलं असं सांग, माझं नाव घेऊ नको.

खंडेरावमामा


पुणे, १० एप्रिल

ती. मामा आणि मामी,

सगळं सांगितलं.

समोर पाच जण होते. मधल्या टकल्या सरांनी अर्ज वर धरून विचारलं, "द्राक्षावर दुधाची साखर खाणारं यीस्ट? समजावून सांगा." मग म्हटलं, "सर, माझ्या मामांनी घडाला पंचामृताचा अभिषेक केला होता." शेवटच्या खुर्चीतल्या बाई आधी हसल्या, मग सगळेच. टकले सर तेवढे हसले नाहीत. म्हणाले, "म्हणजे द्राक्षावर तुम्हाला दही सापडलं. त्याबद्दल आम्ही फेलोशिप द्यायची?"

मला काय झालं कुणास ठाऊक. म्हटलं, "सर, ते दही आहे हे मीच शोधलं. नाहीतर आज तुम्ही नव्या जातीचं अभिनंदन करत बसला असता." आणि रेघांचे दोन्ही फोटो, एक घडावरच्या यीस्टचा, एक मामीच्या गाडग्यातल्या, टेबलावर ठेवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले. मग विचारलं, "हे गाडगं किती जुनं आहे?" त्यानंतर पंचवीस मिनिटं द्राक्षाचं कुणी नाव काढलं नाही!

मिळाली, मामा! काल कळलं. विषय मात्र बदललाय, नाशिक जिल्ह्यातल्या घरगुती विरजणांचे यीस्ट. बाबांना फोन केला. आधी म्हणाले, "शोध खोटा निघाला तरी पैसे देतात?" मग म्हणाले, "शीक." मालेगावला त्यांनी स्वतःच कळवलं, मुलगी आता दह्यात अडकली म्हणून.

आता एक विचारायचंय. सात नंबर कायमचा जपून ठेवणार आहोत, बर्फाहून थंड पेटीत. जातीचं नाव बदलता येत नाही, पण जपलेल्या प्रत्येक वाणाला ओळखीचं नाव देता येतं, ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मी "लंका-१" लिहिलंय, मामीच्या नावावरून. मामीला चालेल ना? मामा, तुम्ही रागावू नका. गाडगं तिचं आहे.

योगिनी


मखमलाबाद, १४ एप्रिल

चि. योगिनी,

यावेळी पत्र मीच लिहितेय, ता. क. मध्ये मावणार नाही. मामा ओट्यावर बसून भाऊबंदकीला सांगतायत की आपल्या घरचं दही सरकारनं ठेवून घेतलंय. त्यांना रमू दे.

तुझं वाचून मी देवापुढे साखर ठेवली. पण लंका लिहू नकोस. ते विरजण माझं नाही. लग्न होऊन सटाण्याहून या घरात आले तेव्हा आईनं वाटीत घालून पदराखाली दिलं होतं. तिलाही तिच्या आईनं दिलेलं. आमच्या तिकडच्या बोलीत मला म्हणाली, "दही जित्तं शे, त्याले उपाशी नको ठेवू." एवढंच सांगितलं आणि एसटी सुटली. तेव्हापासून एक दिवस खंड पडू दिला नाही. तुझ्या मामांच्या बाबांचं नाव या घरात रोज निघतं, निघायलाच पाहिजे, थोर माणूस होता. पण माझ्या आईचं नाव मला इथं आजवर कुणी विचारलं नाही. तू पहिली विचारणारी, तेही न कळत.

तिचं नाव भागुबाई. तिला सहीसुद्धा येत नव्हती, अंगठा करायची. भागू-१ लिही. मला फार बरं वाटेल.

आणि त्या पेटीत त्याला दूध घालतात की नाही ते नीट विचारून घे. नुसतं थंडीत ठेवून चालत नाही.

तुझी मामी
लंका